शंभर कॅलरीची वडी

अमेरिकेतल्या कुठल्याही ग्रोसरी स्टोअरमध्ये ग्रॅनोला बारना, म्हणजे ओट्स साखरेच्या पाकात बांधून केलेल्या वड्यांना, स्वतःची अशी जागा असते. ती बिस्किटांत नसते आणि चॉकलेटांत तर नाहीच नाही. ती असते सिरियलच्या शेजारी, ओट्सच्या डब्यांना लागून. खोक्यावर शेतातलं ऊन, ओटच्या लोंब्या, ‘होल ग्रेन’ अशी ठसठशीत अक्षरं आणि एका कोपऱ्यातून डोकावणाऱ्या चॉकलेट चिप्स. गिऱ्हाइकाला पटवायचं निम्मं काम ही जागाच करून टाकते. हीच वडी पैसे द्यायच्या काउंटरपाशी, कँडी आणि च्युइंगगमच्या रांगेत ठेवली असती, तर मी ती घेताना दोनदा विचार केला असता.

आमच्या घरात ती आली शाळेमुळे. आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या एका उपनगरात राहतो. लेकीच्या वर्गात सकाळी दहाच्या सुमाराला खाऊची छोटी सुट्टी असते आणि वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. त्यामुळे शेंगदाणा, काजू, बदाम घरीच ठेवा, अशी शाळेची सूचना आहे. त्याबद्दल तक्रार करण्यात काही अर्थ नाही, कुणाच्या पोराचा श्वास अडकण्यापेक्षा आपला लाडू घरी राहिलेला बरा. पण ही यादी वाचल्यावर मराठी घरातल्या खाऊच्या डब्याचं काय होतं बघा. दाण्याचा लाडू गेला, चिक्की गेली, काजूकतली गेली, दाण्याचं कूट घातलेली खिचडी गेली. वर १ जानेवारी २०२३ पासून इथल्या कायद्यात तीळही मुख्य ॲलर्जनांच्या यादीत नववा म्हणून बसला आहे. शाळेच्या यादीतही तो लगेच आला आणि संक्रांतीला तिळगूळ द्यायचा तर शाळा सुटल्यावर, पार्किंगमध्ये. उरलं काय? फळं, क्रॅकर्स आणि ‘नट फ्री’ असं छापलेला ग्रॅनोला बार. सकाळी सव्वासातला फळ चिरत बसायचा उत्साह आठवड्यातून फार तर दोनदा येतो.

आई साताऱ्याहून आली आणि या वडीची खरी झडती सुरू झाली. आईला मधुमेह आहे, त्यामुळे पुडक्याची मागची बाजू आधी वाचायची सवय तिला डॉक्टरांनीच लावली आहे. एका दुपारी तिनं एक बार बशीत मोडून ठेवला, चष्म्यावर भिंग धरलं आणि सुपारीच्या काड्या निवडाव्यात तसे त्याचे घटक वेगळे करायला बसली. एकीकडे ओट्स, एकीकडे दहा-बारा चिप्स, आणि तिसरा ढीग पांढऱ्या, पोकळ, हलक्या दाण्यांचा. तो ढीग बोटानं हलवत ती म्हणाली, “अगं, हे चुरमुरे आहेत की! चुरमुऱ्याला डॉलर मोजता होय तुम्ही?”

चुरमुरेच होते. लेबलवर त्यांना ‘क्रिस्प राइस’ म्हणतात आणि खोक्यावरच्या चित्रात ते शोधूनही सापडत नाहीत. त्यांचं काम वडी फुगवणं. वजन कमी, आकार मोठा, दाताखाली कुरकुर.

मग मीही लेबल घेऊन बसले. आपण दुकानात बघतो तो नेहमीचा मऊ, चॉकलेट चिपवाला बार २४ ग्रॅमचा असतो. त्यावर छापलेलं असतं ते साधारण असं: १०० कॅलरी, साडेतीन ग्रॅम फॅट, त्यातलं दीड ग्रॅम सॅच्युरेटेड, १७ ग्रॅम कर्बोदकं, ७ ग्रॅम साखर, १ ग्रॅम तंतू, १ ग्रॅम प्रथिनं. ‘नट फ्री’वाल्यांचे आकडे एखाद्या ग्रॅमनं इकडेतिकडे. सोडियम, लोह, कॅल्शियम वगैरे आहेत, पण त्यांच्याबद्दल बोलावं इतकं त्यात काही नाही.

१०० हा आकडा गोड आहे, गोल आहे, आणि तो आला कुठून ते ताडून बघता येतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कनेक्टिकटमध्ये विल्बर ॲटवॉटर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं घालून दिलेला हिशेब आजही चालतो. कर्बोदकं आणि प्रथिनं ग्रॅमला ४ कॅलरी, चरबी ९. म्हणजे १७ चोक ६८, अधिक ४, अधिक साडेएकतीस. झाले एकशे साडेतीन. पन्नासच्या वरच्या कॅलरी जवळच्या दहावर आणून छापायची मुभा आहे, म्हणून १००. यात लबाडी काही नाही. फक्त हा आकडा वडीच्या गुणाचा नाही, आकाराचा आहे. २४ ग्रॅमचं काहीही खाल्लं तरी कॅलरी बेताच्याच निघणार. शंभर ग्रॅमला लावून बघितलं तर या वडीत साधारण ४१७ कॅलरी आणि २९ ग्रॅम साखर निघते. आपल्या साध्या ग्लुकोज बिस्किटांत शंभराला पंचवीसच्या आसपास असते. म्हणजे सिरियलच्या रांगेत उभं राहायला मिळालं तरी कुळ बिस्किटाचंच.

सात ग्रॅम म्हणजे पावणेदोन चमचे साखर. लेबल सांगतं, दिवसाच्या मर्यादेच्या १४ टक्के. हे टक्के ५० ग्रॅमच्या मर्यादेवर काढलेले आहेत, आणि ती मर्यादा २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाची. अमेरिकन हार्ट असोसिएशन मात्र दोन ते अठरा वर्षांच्या मुलांना दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. त्या हिशेबानं तीच वडी २८ टक्के. पुडकं तेच, पोर तेच, आणि आकडा दुप्पट. दोन्ही बरोबर. वर लिहिलेला १४ बघून डबा भरणारी आई निश्चिंत होते, एवढंच.

‘मिसळलेली साखर’ ही वेगळी ओळ तरी लेबलवर आहे, हेच नशीब. तो नियम २०१६ मध्ये जाहीर झाला आणि मोठ्या कंपन्यांना २०२० पासून लागू झाला. त्याआधी दुधातली, बेदाण्यातली आणि पोत्यातली साखर एकाच आकड्यात जात असे.

पण साखर खरी दिसते ती घटकांच्या यादीत, आणि तिथे ती लपाछपी खेळते. नियम असा की जास्त वजनाचा घटक आधी. यादी सुरू होते ‘ग्रॅनोला’पासून. हा ग्रॅनोला म्हणजे पुन्हा कंसात एक संसार: ओट्स, ब्राउन शुगर, चुरमुरे (त्यांच्यातही थोडी साखर), गहू, तेल, सुकं खोबरं. मग चॉकलेट चिप्स, त्यांच्या कंसात पहिला शब्द साखर. मग कॉर्न सिरप. मग इन्व्हर्ट शुगर. मग पुन्हा साखर, मग कॉर्न सिरपची पावडर, आणि शेवटी कुठेतरी काकवी. प्रत्येकीचं वजन थोडं, म्हणून प्रत्येकीची जागा मागे. सगळ्या जणी एकत्र उभ्या राहिल्या असत्या तर ओट्सना पहिला नंबर टिकवायला चांगलीच झटापट करावी लागली असती.

इतक्या साखरा लबाडीसाठीच घातल्या आहेत, असं मलाही वाटायचं. पण बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, आणि लहानपणी आईच्या पाकाशी उभं राहायची शिक्षाही होती, त्यामुळे जरा खोलात गेले. आई गुलाबजामच्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळते, पाक साखरू नये म्हणून. तिला कारण ठाऊक नाही, गरजही नाही. आम्लानं साखरेचा रेणू फुटतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात, आणि तिन्ही जातीचे रेणू एकमेकांच्या मध्ये आल्यामुळे स्फटिकाची रांग लागत नाही. कारखान्यात ह्याच फुटलेल्या साखरेला इन्व्हर्ट शुगर म्हणतात. ती हवेतलं पाणी धरून ठेवते, म्हणून वडी महिनोन्‌महिने मऊ राहते. कॉर्न सिरप म्हणजे मक्याचं स्टार्च तोडून केलेला चिकट पाक. त्यात ग्लुकोजच्या लांबट साखळ्याही असतात. त्या स्फटिकाच्या आड येतात आणि ओट्स एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. (बदनाम झालेलं हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप ते निराळं.) शिवाय थोडं ग्लिसरीन, तेही ओलावा टिकवायला. म्हणजे चिक्कीचा पाक आपण पाण्यात थेंब टाकून, ताटलीवर आपटून ‘टण्ण’ वाजेपर्यंत चढवतो, तर इथे सगळी विद्या पणाला लावलेली असते ती पाक कधीच टण्ण वाजू नये म्हणून.

हे कळल्यावर माझ्या रागाचा रोख बदलला. साखर इथे फक्त गोडीसाठी नाही, ती डिंकासारखी आहे. ओट्सचे, चुरमुऱ्यांचे सुटे दाणे एका हातात धरता यावेत, दप्तरात चुरा होऊ नये, गाडी चालवता चालवता खाता यावेत, याची किंमत साखरेत मोजलेली आहे. वडीऐवजी सुटा ग्रॅनोला खाल्ला तर साखर निम्म्यावर आणता येते. वडी हवी असेल तर नाही.

मुळात ग्रॅनोला सुटाच होता आणि साखरेवाचून होता. न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी जेम्स केलेब जॅक्सन नावाचे एक डॉक्टर निसर्गोपचाराचं आरोग्यधाम चालवत. त्यांनी १८६३ मध्ये कोंड्यासकटच्या गव्हाच्या पिठाची कणीक भाजून, फोडून, पुन्हा भाजून एक पदार्थ केला आणि त्याला नाव दिलं ग्रॅन्युला. तो इतका टणक होता की रात्रभर दुधात भिजवल्याशिवाय दाताला दाद देत नसे. (त्याच १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि लोणावळ्याच्या चिक्कीची गोष्ट सांगणारे ती घाटातल्या रेल्वेच्या मजुरांच्या गूळदाण्यापासून सुरू करतात. दोन वड्यांची पाळंमुळं एकाच काळातली, एवढंच म्हणायचं. पुढे ओढून नेण्यात मजा नाही.)

मग गोष्ट आमच्या मिशिगनमध्ये येते. बॅटल क्रीक आमच्यापासून गाडीनं दोन तासांच्या आत आहे. तिथल्या सॅनिटेरियमचे डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तसलाच पदार्थ केला, नावही तेच ठेवलं, वाद झाल्यावर एक अक्षर बदलून ‘ग्रॅनोला’ केलं. हे गृहस्थ साखर, मांस, मसाले, चहा-कॉफी सगळ्यांच्या विरुद्ध. (वंशशुद्धीच्या विचाराचेही ते प्रचारक होते. पथ्याचा सोस कुठवर जाऊ शकतो ते बघावं.) त्यांचा धाकटा भाऊ विल कीथ व्यवहारी. कॉर्न फ्लेक्समध्ये साखर घालायची की नाही यावरून दोघा भावांचं बिनसलं. धाकट्यानं १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली, साखर घातली, आणि जगाला माहीत आहे ते केलॉग धाकट्याचं. सॅनिटेरियमच्या प्रचंड इमारतीत आता केंद्र सरकारची कार्यालयं आहेत. पुढे १९६०च्या दशकात हिप्पींनी ग्रॅनोलाला पुन्हा उचललं, मध आणि तेल घालून. आणि १९७५ मध्ये जनरल मिल्सनं ‘नेचर व्हॅली’ नावानं त्याची वडी बाजारात आणली. ती कडक होती. मऊ वडी आणि चॉकलेट चिप्स त्यानंतर आल्या. जो पदार्थ साखरेवाचून जन्मला, त्याला हातात धरण्याजोगा करता करता साखर त्याचा कणा झाली.

खोक्यावरच्या ओट्सच्या कौतुकाचंही एक गणित आहे. ओट्समधल्या बीटा-ग्लुकन या तंतूनं कोलेस्टेरॉल उतरतं, हे खरं आहे. इथल्या एफडीएनं, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासनानं, १९९७ मध्येच तसा दावा करायला परवानगी दिली. पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन लागतं. ओट्समध्ये ते साधारण ४ टक्के. एका वडीत १० ग्रॅम ओट्स धरले, तर ०.४ ग्रॅम. म्हणजे हृदयासाठी रोज सात-आठ वड्या खाव्यात, आणि सोबत पन्नासेक ग्रॅम साखर!

चॉकलेट चिप्सवर मात्र लोक उगाच राग काढतात. दीड ग्रॅम सॅच्युरेटेड फॅटमध्ये त्यांचा आणि खोबऱ्याचा वाटा आहे हे कबूल, पण कोको बटरमधली जवळपास एक तृतीयांश चरबी स्टिअरिक ॲसिडची, आणि त्यानं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढत नाही असं दिसून आलं आहे. गंमत म्हणजे शाळांत विकायच्या खाऊसाठी अमेरिकन सरकारचे २०१४ पासून जे नियम आहेत, त्यांत साखर वजनाच्या ३५ टक्क्यांपर्यंत चालते. आमची वडी २९ टक्क्यांवर सहज पास. ती नापास होते सॅच्युरेटेड फॅटमध्ये, कारण ते एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत हवं आणि हिच्यात साडेतेरा निघतं. हा नियम शाळेत विकायच्या वस्तूंना, घरच्या डब्याला नाही.

आईचा सगळा युक्तिवाद अर्थातच चिक्कीच्या बाजूनं होता. “त्यापेक्षा आपली चिक्की काय वाईट? गूळ असतो, दाणे असतात.” म्हणून मी चिक्कीचाही हिशेब मांडला. निम्मे दाणे, निम्मा गूळ धरला, तर २४ ग्रॅमच्या तुकड्यात साधारण ११५ कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिनं, ६ ग्रॅम चरबी (बहुतेक असंतृप्त) आणि ११ ग्रॅम साखर. प्रथिनांत चिक्की तिप्पट पुढे, साखरेत दीडपट मागे. गुळाची साखर धरायची नसते, हे आईचं मत. लेबलचा कायदा आणि तिचं ग्लुकोमीटर या दोघांना ते मान्य नाही. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “पण चिक्की कुणी नाश्ता म्हणून खात नाही.” ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिक्की गोड म्हणूनच येते, गोड म्हणूनच संपते. ती ओट्सच्या शेजारी जाऊन बसत नाही.

तरीही आईच्या पर्समध्ये एक बार पडला होताच. फिरायला गेल्यावर साखर उतरलीच तर असावा म्हणून. इथल्या डॉक्टरबाईंनी ते ऐकलं आणि मान हलवली. साखर एकदम उतरली तर पटकन चढणारी १५ ग्रॅम कर्बोदकं घ्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं. त्यासाठी ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा कप फळांचा रस. चॉकलेट, तेल, तंतू यांनी साखर रक्तात पोचायला उशीर होतो, आणि अशा वेळी उशीर परवडत नाही. म्हणजे औषध म्हणून ही वडी फार सावकाश, आणि नाश्ता म्हणून फार घाईची: १७ ग्रॅम कर्बोदकांना धरून ठेवायला तंतू एक ग्रॅम आणि प्रथिनं एक ग्रॅम. दहाला खाल्ली की साडेअकराला पोर पुन्हा भुकेली. आईनं बार काढून गोळ्यांची नळी ठेवली, आणि बार वाया नको म्हणून तिथेच नातीला दिला.

शेवटी आम्ही दोघींनी घरीच वडी करायची ठरवलं. सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, भाजलेले ओट्स, आईच्या हट्टाखातर चुरमुरे, आणि साखर कमी म्हणून गूळ अगदी बेताचा. ताटात थापलं, गार झालं, सुरी घातली आणि सगळं सुटून भुगा झाला. आईनं ताट तिरकं करून तो भुगा डब्यात भरला. दह्यावर घालून तो फार छान लागला, पण ती वडी नव्हती. मग आईनं सूत्रं हातात घेतली. वजनाच्या एक तृतीयांश गूळ, पक्का पाक, वरून चिप्स. वड्या झकास पडल्या, कडा धारदार. चोवीस ग्रॅमला प्रथिनं अडीच ग्रॅम, कारण बिया. साखर, चिप्स धरून, आठ ग्रॅम. दुकानातल्यापेक्षा एक जास्तच.

आता शनिवार-रविवार वाटीत सुटा ग्रॅनोला असतो, कमी गुळाचा, दह्याबरोबर. शाळेच्या दिवशी वाटी, दही, चमचा हे प्रकरण त्या छोट्या सुट्टीत बसत नाही, म्हणून डब्यात सफरचंद किंवा चीजचा तुकडा आणि ज्या दिवशी फुटबॉलचा सराव असेल त्या दिवशी बार. दुकानातलं खोकं मी कपाटात सिरियलजवळून उचलून कुकीच्या डब्याशेजारी ठेवलं आहे. लेकीचं म्हणणं, आजीच्या वडीत साखर जास्त आहे तर ती का चालते. आजी सातारच्या फोनवरून सांगते की ती मी केलेली आहे म्हणून. ह्या मुद्द्यावर दोघींची अजून चर्चा सुरू आहे.